झोपेचे सोंग

झोपी गेलेल्याला जागे करता येते, पण झोपेचे सोंग घेतलेल्याला जागे करता येत नाही, असे आपले पूर्वज सांगून गेले. तिसरा प्रकार त्यांनी सांगितला नाही, कारण त्यांच्या घरी लॅपटॉप नव्हता. माझ्या घरी आहे. तो झोपतो शहाण्या मुलासारखा. झाकण मिटले की दिवा मालवून स्वस्थ पडतो. उठताना मात्र मधेच थबकतो. आतला पंखा घरघरतो आहे, पडदा काळा आहे, आणि कोणत्याही बटणाला ओ देत नाही. धड निजलेला नाही, धड जागा नाही.

दिवाळीच्या ताटात हे काय वाढले, असे म्हणून वाचकांनी पान उलटू नये. या यंत्राच्या झोपेत माझ्या वडिलांच्या आठवणी अडकल्या होत्या, म्हणून हा सारा प्रपंच.

आमचे वडील सोलापुरात मिलमध्ये विणकर होते. १९६१ साली ते गेले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. मला त्यांच्याविषयी आठवते ते एवढेच, की त्यांच्या सदऱ्याला कापसाचा नि तेलाचा वास येई आणि भोंगा झाला की त्यांची पावले भराभर पडत. हे गाव भोंग्यावर उठणारे. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या मिलपासून पुढे कित्येक वर्षे सोलापुरात घड्याळ नसले तरी कुणाचे अडत नसे. आता मिलही नाहीत आणि भोंगाही नाही. वडिलांचे बाकीचे सारे आमच्या थोरल्या बंधूंपाशी आहे. दादा आज शहाऐंशी वर्षांचे आहेत. १९५७ साली ते बदली कामगार म्हणून मिलच्या फाटकावर उभे राहिले, पुढे जॉबर झाले, आणि मिल बंद पडल्यावर पूर्व भागात यंत्रमाग दुरुस्त करीत हिंडले.

यंदा उन्हाळ्यात मी ठरवले, की दादांकडून सगळे उतरवून घ्यायचे. मी मास्तरकीतून निवृत्त झालेला माणूस, मला वेळच वेळ. दुपारची वामकुक्षी झाली की दादा बोलू लागत आणि मी लॅपटॉप मांडीवर घेऊन टिपत असे. लॅपटॉप जुना. त्यात भाच्याने पुण्याहून येऊन लिनक्स घालून दिले होते. हे लिनक्स १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने सुरू केले. फुकट मिळते, आणि त्याच्या पोटात काय आहे ते कोणालाही उघडून पाहता येते. पेन्शनरांना दोन्ही गुण मानवतात.

आषाढातली ती दुपार मी विसरणार नाही. त्या दिवशी दादांनी वडिलांची शेवटची पाळी सांगितली. दोघे मिलमधून बरोबर निघाले, वाटेत कुठे थांबले, वडील काय बोलले, सारे सांगितले. दोन तास बोलले असतील. मग चहा आला. मी लॅपटॉपचे झाकण मिटले. चहा झाल्यावर उघडले, तर काळा पडदा!

शेवटी चालू-बंदचे बटण दहा सेकंद दाबून धरले आणि यंत्र नव्याने सुरू केले. लिहिलेले मी साठवले नव्हते. मी लिहीत होतो तो साधा एडिटर आपण होऊन काही जपून ठेवणारा नव्हता. झोपलेल्या लॅपटॉपमध्ये जवळजवळ सारे विझलेले असते, फक्त स्मरणाच्या चिपांना थेंब थेंब वीज मिळत असते. त्या थेंबावर तुमचे अर्धवट लिखाण तग धरते. वीज तोडली की ते गेले.

दुसऱ्या दिवशी मी दादांना म्हटले, "दादा, कालचं पुन्हा एकदा सांगता?"

"सांगितलं की काल," दादा म्हणाले. तरी सांगितले. पण दोन तासांचे चार वाक्यांत आटोपले. म्हाताऱ्या माणसाच्या आठवणी नळाच्या पाण्यासारख्या असतात. आमच्या सोलापुरात नळ रोज येत नाही, आणि आला तेव्हा भरून ठेवले नाही तर तक्रार कोणाकडे करणार?

मी चिडून भाच्याला फोन लावला. "मामा, याला कारणं बरीच असू शकतात," असे म्हणून त्याने पाच उपाय सांगितले. पडद्याच्या चित्रांची एक मांडणी बदला, कर्नल म्हणजे लिनक्सचा जो गाभा त्याची जुनी आवृत्ती लावा, बायोसमधला एक पर्याय बंद करा, बॅटरी वाचवणारा प्रोग्रॅम काढून टाका, झाकणाची मांडणी बदला. मी एका रात्रीत पाचही उपाय केले. दोन दिवस लॅपटॉप झकास उठला. तिसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मी खुर्चीत डोके धरून बसलेला पाहून दादांनी विचारले, "काय करायलास?" मी सगळी कहाणी सांगितली. दादांना संगणकातले ओ की ठो कळत नाही, पण यंत्र म्हटले की त्यांचे डोळे अजून लकाकतात.

"पाच नट एकदम ढिलं केलास? मग कुठला वाजत हुता ते कसं कळंल?" ते म्हणाले. "आधी पाची पैल्यासारखं कर. मग बघ, मशीन मेलंय का नुसतं डोळं मिटलंय. मग बघ, किती पावलं चालून पडतंय. मग ज्याचा संशय येईल ते एकच काढ, आन् पुन्हा चालव."

चाळीस वर्षे माग सुधारलेल्या माणसाचे हे तीन प्रश्न. मी कागदावर लिहिले आणि कामाला लागलो.

पहिला प्रश्न, मेलंय का डोळं मिटलंय? म्हणजे आमच्या पूर्वजांचाच प्रश्न, झोप की सोंग! याची परीक्षा अगदी सोपी निघाली. काळ्या पडद्यासमोर कॅप्स लॉकची कळ दाबायची. तिचा बारीक दिवा लागत-विझत असेल, तर गाभा जागा आहे, बिघाड बहुधा पडद्याकडे आहे. मग कंट्रोल, आल्ट आणि एफ-तीन एकदम दाबून दुसरा साधा पडदा उघडतो का पाहावे, आणि संशय घ्यावा तो चित्रे दाखवणाऱ्या ड्रायव्हरवर. (हा ड्रायव्हर एस.टी.चा नव्हे. संगणकातल्या प्रत्येक अवयवाला चालवणारा जो छोटा प्रोग्रॅम, त्याला ड्रायव्हर म्हणतात.) माझ्या लॅपटॉपचा दिवा मात्र हलला नाही. सोंग नव्हते, यंत्र खरोखरच अडकले होते.

दुसरा प्रश्न, किती पावले चालून पडतो? लिनक्स आपली रोजनिशी ठेवते. मागच्या वेळी यंत्र चालू असताना काय घडले, ते 'जर्नलसीटीएल' या आज्ञेने वाचता येते. मी वाचले. शेवटची ओळ होती, झोपायला जात आहे. त्यापुढे कोरे पान. मला आश्चर्य वाटले, पण ते फुकटचे होते. रोजनिशी लिहिली जाते डिस्कवर, आणि डिस्कही निजलेली. ती उठण्याआधीच घोटाळा झाला, तर नोंद करणार कोण? पहारेकरीच झोपल्यावर चोरीची वेळ कोण सांगणार?

पण भाच्याने एक गंमत सांगितली. लिनक्समध्ये झोपेची तालीम घेता येते. यंत्र झोपते ते पायरीपायरीने. आधी चालू प्रोग्रॅम जागच्या जागी गोठतात. मग वायफाय, आवाज, कॅमेरा वगैरे अवयव निजतात. मग मूळ पाट्याची व्यवस्था, मग एक सोडून बाकीचे प्रोसेसर, आणि शेवटी गाभा. उठताना हाच क्रम उलटा. 'पीएम टेस्ट' नावाच्या सोयीत हव्या त्या पायरीपर्यंतच उतरायचे, पाच सेकंद थांबायचे आणि परत वर यायचे.

पहिल्या पायरीची तालीम दहा वेळा घेतली, दहाही वेळा सुखरूप. दुसऱ्या पायरीला चौथ्या खेपेस लॅपटॉप थिजला. मी ओरडलोच, "दादा, सापडला!"

"सापडला न्हाई," दादा म्हणाले. "मागांची रांग सापडली. माग सापडायचा हाय."

खरे होते. अवयव तर डझनावारी. त्यातला अडतो कोण? आणि इथे मला या साऱ्या प्रकरणातली सर्वांत सुंदर युक्ती भेटली. ती खुद्द टोरवाल्ड्सने २००६ साली लिहून ठेवली आहे. मरत्या यंत्राने साक्ष लिहायची कुठे? डिस्क निजलेली, आणि वीज तोडताच स्मरण पुसले जाणार. मग उरते काय? घड्याळ! संगणकात एका कोपऱ्यात लहानसे घड्याळ असते, ते वीज गेली तरी चालत राहते. तेव्हा 'पीएम ट्रेस' ही सोय प्रत्येक अवयव उठवताना त्याच्या नावाचा एक आकडा करते आणि तो तारीख-वेळेच्या रूपात त्या घड्याळातच लिहून टाकते. यंत्र अडले की ताबडतोब, तीन मिनिटांच्या आत, पुन्हा सुरू करायचे, कारण घड्याळ पुढे सरकले तर साक्ष पुसट होते. मग लिनक्स तो आकडा वाचून कोणत्या अवयवाशी जुळतो ते सांगते.

मी तसे केले. ऐन पावसाळ्यात पडद्यावर फेब्रुवारी महिना उजाडला! सौ. म्हणाली, "आता तारीखही बिघडवलीत का?" तिला काय सांगू, की ती तारीख नव्हे, मृत्युपूर्व जबानी आहे! जबानीत दोन नावे निघाली. आकडे कधी योगायोगानेही जुळतात, म्हणून दोन. एक होते वायफायचे कार्ड, दुसरे कॅमेरा.

आता तिसरा प्रश्न, एकच काढ आणि चालव. झाकण उघडमिट करून हात दुखले असते, पण 'आरटीसी वेक' नावाची आज्ञा आहे. ती यंत्राला निजवते आणि सांगितल्या सेकंदांनी गजर लावून उठवते. भोंगाच म्हणा! कॅमेऱ्याचा ड्रायव्हर काढून पाहिले, तिसऱ्याच खेपेला यंत्र थिजले. तो बिचारा निर्दोष. त्याला परत बसवला आणि वायफायचा ड्रायव्हर काढला. तीस-तीस सेकंदांच्या वीस झोपा घेतल्या. वीसही वेळा लॅपटॉप टवटवीत उठला.

मला वाटले, झाले. दादा म्हणाले, "उलटं बी बघ." म्हणजे काढलेला ड्रायव्हर परत घालून पाहा. घातला, आणि सहाव्या खेपेस थिजला. काढल्यावर बरे होणे ही अर्धी साक्ष, घातल्यावर पुन्हा बिघडणे ही उरलेली अर्धी. मास्तरकीच्या सगळ्या वर्षांत ही गोष्ट मी कुणा विद्यार्थ्याला इतक्या स्वच्छ शब्दांत सांगितली नव्हती.

उपायही दादांनीच सुचवला, नकळत. ते म्हणाले, "लाइट जाऊन आली की समदे माग एकदम सुरू करत न्हाईत. फ्यूज उडतो. वढाळ माग असंल त्याचा पट्टा आधीच काढायचा, आन् समद्यांच्या शेवटी चालू करायचा." लिनक्समध्ये अगदी याचसाठी एक फोल्डर आहे. त्यात चार ओळींचा कागद ठेवला, की यंत्र निजण्यापूर्वी आणि उठल्यानंतर तो वाचला जातो. निजण्यापूर्वी वायफायचा ड्रायव्हर काढ, उठल्यावर पुन्हा घाल, एवढेच मी त्यात लिहिले. जागे झाल्यावर इंटरनेट यायला चार-पाच सेकंद लागतात. दादांच्या चहाला त्याहून जास्त लागतात.

हा पट्टा काढणे झाले, माग सुधारणे नव्हे, हे मी जाणून आहे. म्हणून भाच्याच्या मदतीने सारी हकीगत, तालमीचे निकाल आणि जबानी, त्या ड्रायव्हरची देखभाल करणाऱ्या मंडळींना कळवली आहे. कर्नलची नवी आवृत्ती आली की मी तो कागद बाजूला काढतो, वीस झोपा घेतो, आणि गरज असली तरच परत ठेवतो. शिवाय हात आता आपोआप कंट्रोल आणि एस या कळांवर जातात. चहा आला की आधी साठवण, मग झाकण. यंत्र कितीही सुधारले तरी ही सवय सोडणार नाही.

ती आषाढातली दुपार काही परत आली नाही. दादांनी दोन-तीनदा पुन्हा सांगून पाहिले. दर वेळी काहीतरी नवे निघाले आणि काहीतरी गळाले. वडील वाटेत काय बोलले, ते वाक्य मात्र त्यांनाही आता नीट जुळत नाही. ते एकदा माझ्या मांडीवर होते, आणि मी झाकण मिटले.

परवा वसुबारसेला दादा बोलता बोलता चहासाठी थांबले. मी साठवले आणि झाकण मिटले. कपबशी खाली ठेवून दादांनी विचारले, "कुठवर आलो हुतो रं?"

मी झाकण उघडले. पडदा उजळला. शेवटच्या शब्दापुढे ती बारीक उभी रेघ लुकलुकत होती. मी वाचून दाखवले, "भोंगा झाला, आणि आप्पा म्हणाले, चल."

"हां," दादा म्हणाले, आणि पुढे सांगू लागले.