निधान, निधान

मल्लेश्वरमच्या आमच्या योगवर्गात एक शब्द सारखा कानावर पडतो: 'निधान'. आपल्याकडे निधान म्हणजे ठेवा. कन्नडमध्ये त्याचा अर्थ सावकाश. पुण्याहून बंगळूरला आल्यावर मी शिकलेला हा पहिला कन्नड शब्द, आणि तो मला आधीच भेटायला हवा होता.

कारण बावन्नाव्या वर्षी मी घरीच मोबाइलवर बघून पश्चिमोत्तानासन करायला गेले होते. पाठीची कमान करून जोर लावला आणि कमरेत अशी कळ आली, की तीन आठवडे पाण्याची बादली उचलता आली नाही. आज त्याच आसनात मी घडी घातलेल्या ब्लँकेटवर बसते, तळपायांना पट्टा अडकवते आणि पाठ लांब ठेवून जांघेतून पुढे झुकते. डोकं गुडघ्यापासून हातभर दूर राहतं. राहू दे. ताण मांडीच्या मागे येतो, कमरेवर नाही.

पट्टे, ठोकळे, खुर्च्या यांचा आधार योगात रुळवला तो बी. के. एस. अय्यंगारांनी. १९१८ साली कोलार जिल्ह्यातल्या बेल्लूरला जन्मलेला, बंगळूरमध्ये वाढलेला, हिवताप, विषमज्वर आणि क्षयानं खंगलेला हा मुलगा १९३७ साली पुण्यात शिकवायला आला आणि पुण्याचाच झाला. दुखणाईत शरीर स्वतः सोसलेल्या माणसालाच दुसऱ्याच्या आखडलेल्या सांध्याची कदर असणार, असं मला मनापासून वाटतं. सर्वांगासनात खांद्यांखाली ब्लँकेटची चळत घ्यायची, म्हणजे मानेवर भार येत नाही, ही केवढी मायेची युक्ती!

वर्ग निवडताना एवढंच बघा, की पहिल्या दिवशी तुम्हाला काय विचारतात. रक्तदाब, काचबिंदू, मणक्याचा त्रास यांची चौकशी न करता कुणी शीर्षासनाला उभं करत असेल, तर सरळ उठून या. जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्या. श्वास अडकला की आसन सोडा. कुंभकाचं, म्हणजे श्वास रोखून धरण्याचं, तर अजून नावही नको.

परवा एक निवृत्त काका आले. त्यांना शीर्षासनच शिकायचं होतं. आमच्या वर्गाच्या बाईंनी त्यांना भिंतीला पाठ लावून ताडासनात उभं केलं, टाचा, गुडघे, खांदे एकेक करून जागेवर आणले. जाताना त्यांनी विचारलं, "उद्याही भिंतच का?"

"उद्याही," बाई म्हणाल्या.

आज ते पाच मिनिटं आधीच येऊन भिंतीशी उभे होते.