बाबा, ती फाईल इकडे द्या

ते रील तुम्हीही पाहिलं असेल. एक माणूस पांढऱ्या बोर्डवर दोन आकडे लिहितो, घराचं भाडं एवढं आणि गृहकर्जाचा हप्ता तेवढा. मग मधल्या फरकाची एसआयपी केली तर वीस वर्षांनी किती कोटी होतात हे सांगतो आणि शेवटी विचारतो, आता बोला, शहाणा कोण? घर घेणारा की भाड्याने राहणारा? आमच्या कॉलेजच्या कट्ट्यावर यावरून जाम वाद व्हायचे. ज्यांच्या फोनचं सिमकार्डही बाबांच्या नावावर, ते सगळे रिअल इस्टेटवर बोलायचे. त्यात मीही होते.

आता मला त्या वादात रस उरलेला नाही. त्या बोर्डवर एक गोष्ट कधीच लिहिलेली नसते. हप्ता कोण भरणार, आणि कुठल्या वर्षापर्यंत? तुमच्या घरी घर घ्यायचं चाललं असेल, किंवा घेऊन झालं असेल, तर हा प्रश्न तुमचा आहे. आई-बाबांचा नाही, तुमचा. कसा ते सांगते.

आधी एक कबुली. घर घेणारे लोक भोळे असतात असं मला अजिबात वाटत नाही. मी दहावीत जाईपर्यंत आम्ही डोंबिवलीत पाच घरं बदलली होती. लिव्ह अँड लायसन्सचा करार अकरा महिन्यांचा. म्हणजे दहावा महिना लागला की आईचा चेहरा बदलायचा. मालक भाडं किती वाढवणार, की मुलाचं लग्न ठरलंय असं सांगून खाली करायला लावणार? नवं घर म्हणजे पुन्हा एजंटला एक महिन्याचं भाडं, पुन्हा डिपॉझिट, पुन्हा टेम्पो, आणि गॅसपासून बँकेपर्यंत सगळीकडे नवा पत्ता. एका घरात भिंतीला खिळा ठोकायची परवानगी नव्हती. कॅलेंडर आम्ही फ्रिजला चिकटवायचो. रीलमधल्या बोर्डवर हा खिळा कुठल्या रकान्यात बसवायचा?

तर २०१८ मध्ये बाबांनी ठरवलं, बस्स झालं आता. डोंबिवलीत परवडेना म्हणून आम्ही गाडीने पुढे सरकत सरकत बदलापूरला पोचलो. बॅनरवर लिहिलं होतं, स्टेशनपासून सात मिनिटं. सात मिनिटं कोणाला लागतात ते मला आजवर कळलेलं नाही, शेअर रिक्षाला वीस लागतात. सॅम्पल फ्लॅट बघितला तेव्हा मी आणि आई अक्षरशः वेड्या झालो होतो. आतल्या खोल्यांना दारंच नव्हती आणि बेड नेहमीपेक्षा आखूड होता, हे नंतर लक्षात आलं. तेव्हा फक्त पिवळे दिवे दिसत होते. बाबांनी त्याच आठवड्यात बुकिंग केलं. वन बीएचके, बत्तीस लाख.

पैसे कुठून आले ते सांगते, कारण तुमच्याही घरात ते साधारण असेच आले असणार. सव्वीस लाखांचं कर्ज. बाबांच्या पीएफमधून काही. आईच्या पाटल्या. आणि आजीची मोहनमाळ, जी माझ्या लग्नात मला द्यायची असं आजी मी पाच वर्षांची असल्यापासून सांगत होती. करार नोंदणी व्हायच्या आधीच बाबांनी पाच लाख भरून टाकले होते, कारण ‘साहेब, ऑफर रविवारपर्यंतच आहे.’ रेरा कायद्याच्या कलम १३ नुसार विक्री करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेताच येत नाही. आमच्या बाबतीत ती मर्यादा होती तीन लाख वीस हजार. हा कायदा महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू होता, म्हणजे आमच्या बुकिंगच्या आधी वर्षभर. आमच्या घरात तो कोणी वाचला नव्हता.

ताबा डिसेंबर २०२० मध्ये मिळणार होता. मिळाला २०२३ च्या जूनमध्ये. मधल्या काळात घरभाडंही चालू होतं आणि बँकेचं व्याजही. आधी जेवढं कर्ज उचललं तेवढ्याचंच व्याज, आणि २०२१ च्या शेवटापासून पूर्ण हप्ता, म्हणजे महिना वीस हजार आणि वर काही. मला पुण्याला शिकायला जायचं होतं. नाही गेले. कोणी नाही म्हटलं नाही हं, फक्त जेवताना आई एकदा म्हणाली की होस्टेलचं काय असतं गं साधारण, आणि मी म्हटलं, जाऊ दे, मुंबईतच चांगलं आहे. विषय संपला. घराचे हप्ते असे न बोलता पण भरले जातात.

आता जे सांगणार आहे ते सांगायला मला आवडत नाही. चावी घ्यायला आम्ही तिघं बिल्डरच्या ऑफिसात गेलो. पेढे आणले होते. तिथल्या माणसाने कागदांचा गठ्ठा पुढे केला, पेनने फुल्या मारलेल्या जागी सह्या करायच्या. बाबांनी एक कागद उचलून माझ्याकडे धरला आणि म्हणाले, ‘जरा बघ गं, काय लिहिलंय.’ मी सेकंड इयरला होते, मास मीडियाची विद्यार्थिनी, इंग्रजी कागद वाचू शकणारी घरातली एकमेव व्यक्ती. मी स्टोरीसाठी चावीचा फोटो एडिट करत होते. मान वर न करता म्हटलं, ‘बाबा, सगळेच करतायत सही, करून टाका ना.’

त्या कागदावर लिहिलं होतं की ताब्याला झालेल्या उशिराबद्दल आमची कोणतीही तक्रार नाही आणि कोणतीही मागणी यापुढे करणार नाही.

रेराच्या कलम १८ प्रमाणे, ठरल्या तारखेला ताबा मिळाला नाही तर ग्राहकाकडे दोन वाटा असतात. प्रकल्पातून बाहेर पडून व्याजासकट पैसे परत मागायचे, किंवा घर ठेवायचं आणि उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज बिल्डरकडून घ्यायचं. महाराष्ट्रात हा दर स्टेट बँकेच्या सर्वांत जास्त एमसीएलआरच्या वर आणखी दोन टक्के असा ठरलेला आहे. कोविडमुळे प्रकल्पांना मुदतवाढ मिळाली होती, ती वर्षभराची धरून सोडली तरी आमचं दीड वर्ष उरत होतं. भरलेल्या रकमेवर हिशोब केला तर महिन्याचं व्याज आमच्या हप्त्यापेक्षा जास्त निघतं. असले लिहून घेतलेले कागद प्राधिकरणापुढे टिकतातच असं नाही, पण बाबा आता म्हणतात, ‘सही केलीय ना, कशाला तो विषय.’ आणि सही कोणी करायला लावली, हे ते कधी बोलत नाहीत. त्याचाच मला जास्त त्रास होतो.

दुसरा धक्का बँकेचा, आणि तो तुमच्या जास्त कामाचा आहे. आमचं कर्ज बदलत्या व्याजदराचं. पूर्ण हप्ता सुरू झाला तेव्हा व्याज सात टक्क्यांच्या आसपास होतं. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहावर नेला. बातमी म्हणून मी ती कॉलेजच्या असाइनमेंटमध्ये लिहिली होती, चांगले मार्क मिळाले. आमच्या घरावर तिचा परिणाम काय झाला हे मात्र मी पाहिलं नाही. बँकेने हप्ता थोडा वाढवला आणि मुदत बरीच वाढवली. हप्ता फार वाढला नाही म्हणून बाबांना काही जाणवलंच नाही. मी स्टेटमेंट उघडलं तेव्हा शेवटच्या हप्त्याचं वर्ष २०४१ चं २०४६ झालं होतं. २०२५ मध्ये दर उतरल्यावर ते आता २०४२ वर आलंय.

बाबा २०३४ मध्ये रिटायर होणार. खासगी नोकरी, पेन्शन नाही. मधली आठ वर्षं कोण भरणार, हा प्रश्न आमच्या घरात अजून कोणी मोठ्याने विचारलेला नाही. विचारायची गरजच नाही, घरात मूल एकच आहे. २०४२ मध्ये मी एकोणचाळीस वर्षांची असेन.

मी भरेन. कुरकुर न करता भरेन. त्या घराच्या गॅलरीत बाबा रोज सकाळी लुंगीवर उभे राहून चहा पितात आणि भिंतीला आता सात खिळे आहेत, सगळे आईने ठोकलेले. पण मग जी गोष्ट पुढची सतरा वर्षं माझी आहे, तिचे कागद बघताना मी पाहुणी असल्यासारखी का वागले? आपण सगळेच तसं वागतो. ‘ते मोठ्यांचं चाललंय’ म्हणतो आणि हेडफोन लावतो. उलट घरात याबाबतीत सगळ्यांत उपयोगी माणूस आपणच असतो. आपल्याला इंग्रजी येतं, साईट उघडता येते, आणि बिल्डरच्या ऑफिसातल्या एसीचं दडपण येत नाही.

काय बघायचं? महारेराच्या वेबसाईटवर प्रकल्पाचं नाव टाका. नोंदणी क्रमांक, पूर्ण होण्याची मूळ तारीख, वाढवून घेतलेली तारीख, मंजूर नकाशे, कोर्टकज्जे, सगळं दिसतं. जाहिरातीतली तारीख आणि तिथली तारीख वेगळी निघाली तर बाबांना तो स्क्रीन दाखवा. फ्लॅटचा आकार विचारताना फक्त कारपेट एरिया विचारा, बाकी सगळे एरिया ऐकून सोडून द्या. किमतीवर स्टॅम्प ड्युटी किती, नोंदणी फी किती, बांधकाम चालू असेल तर जीएसटी किती, हे वेगळं लिहून काढा. ठाणे किंवा पुण्यात स्टॅम्प ड्युटीच सात टक्के आहे, आणि बँक साधारणपणे ती कर्जात धरत नाही, म्हणजे ती खिशातूनच जाते. घर फक्त आईच्या नावावर घेतलं तर तिच्यात एक टक्का सवलत आहे. हे आमच्या वेळी नव्हतं, नाहीतर आजीची माळ कदाचित... असो.

आणि फक्त वेबसाईटवर थांबू नका. डोंबिवलीतल्या पासष्ट इमारतींचं प्रकरण तुम्ही वाचलं असेल. महापालिकेची बनावट बांधकाम परवानगी जोडून त्यांची रेरा नोंदणी करून घेतली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला. त्यात राहणाऱ्यांनी नोंदणी क्रमांक बघितला नसेल का? कर्जं काढून घरं घेतलेली माणसं होती ती. म्हणून बांधकाम परवानगीची प्रत घेऊन महापालिकेत किंवा नगरपालिकेत जा आणि ही तुमच्याच ऑफिसची आहे का, हे विचारा. अर्धा दिवस जातो. लेक्चर बुडवायला यापेक्षा चांगलं कारण नाही.

आणखी एक. नोकरी लागली की घरातून विचारणा होईल, ‘कर्जाला तुझं नाव लावायचं का? रक्कम जास्त मिळेल.’ लगेच हो म्हणू नका आणि लगेच भांडूही नका. सहकर्जदार झालात तर हप्ता चुकल्यावर बँक तुमच्याही दारात येते, आणि तुमचा सिबिलही बिघडतो. उद्या शिक्षणासाठी कर्ज मागायला गेलात तर हे कर्ज तुमच्या नावावर दिसणार. गंमत म्हणजे कर्जात नाव असलं म्हणून घरात नाव असतंच असं नाही. ते करारात वेगळं लागतं. हे आई-बाबांना विचारणं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवणं नाही. माझे बाबा तर मी विचारल्यावर उलट खूश झाले. दोन मिनिटं गप्प बसले आणि मग आतल्या कपाटातून ती निळी फाईल घेऊन आले. सात वर्षांत कोणी मागितलीच नव्हती, म्हणाले.

येत्या रविवारी माझा मामा टिटवाळ्याला एक प्रोजेक्ट बघायला जातोय. मामेभाऊ एफवायला आहे, त्याला यात ‘इंटरेस्ट नाही’. मामाने मला फोन केला, ‘चल तू पण, ते लोक गाडीने नेतात, नाश्ता पण देतात.’

मी म्हटलं, ‘येते मामा. पण तू चेकबुक घरी ठेव, आणि त्याला झोपेतून उठवून सोबत आण.’