मॉर्मन तरुणांची शिस्त आणि आमच्या घरांतील अनास्था



अमेरिकेस जाऊन आलेले आपल्यातील काही सुशिक्षित लोक तेथील यूटा राज्यातील मॉर्मन तरुणांची मोठी वाखाणणी करतात. ही मुले दारू पीत नाहीत, तंबाखूला शिवत नाहीत, चहाकॉफीदेखील घेत नाहीत; परक्याशी अदबीने बोलतात आणि भरसभेत उभे राहून न अडखळता आपल्या धर्माविषयी भाषण करतात, असे ते सांगतात. हे ऐकून आपल्यात दोन तट पडतात. पहिला तट विचारतो, देवदूत भेटला आणि सोन्याचे पत्रे सापडले, अशा कथेवर उभारलेल्या पंथाकडून बुद्धाच्या अनुयायांनी काय शिकावे? दुसरा तट म्हणतो, त्या पंथाची व्यवस्था जशीच्या तशी उचलावी, म्हणजे आपली मुले आपोआप सुधारतील. आमच्या मते दोन्ही तट चुकत आहेत, आणि या चुकीचे प्रायश्चित्त मात्र आपल्या मुलांना घ्यावे लागणार आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. जोसेफ स्मिथ याने हा पंथ न्यूयॉर्क राज्यात १८३० साली स्थापन केला. १८३८ साली मिसूरीच्या गव्हर्नराने या लोकांना राज्यातून हुसकून लावावे अथवा त्यांचा संहार करावा, असा लेखी हुकूम काढला. तो हुकूम रद्द होण्यास १९७६ साल उजाडावे लागले. १८४४ साली स्मिथ इलिनॉयमधील कार्थेजच्या तुरुंगात असताना जमावाने त्याला ठार मारले. १८४७ साली ब्रिगम यंगच्या मागोमाग हे लोक सॉल्ट लेकच्या खोऱ्यात येऊन वसले. त्यांच्यातील बहुपत्नीकत्वाविरुद्ध पुढे सरकारने कायद्याचा बडगा उगारला. १८७९ साली रेनॉल्ड्स खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, मनुष्य वाटेल ती श्रद्धा बाळगण्यास मोकळा आहे, परंतु श्रद्धेच्या नावाने केलेले कृत्य कायद्याच्या कक्षेबाहेर जात नाही. अखेर १८९० साली पंथप्रमुखाने बहुपत्नीकत्वाला रजा दिल्याचे जाहीर केले. हे तत्त्व आम्हांस परके नाही. आमच्या घटनेच्या २५ व्या कलमाने दिलेले सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्यही सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या मर्यादेत आहे. आणि १७ व्या कलमापुढे अस्पृश्यता पाळणाऱ्याला धर्माची ढाल पुढे करता येत नाही.

छळ सोसलेला हा लहानसा पंथ टिकला कसा? त्याचे उत्तर त्याच्या मुलांच्या दिनक्रमात आहे. हायस्कुलाच्या चार वर्षांत या पंथाचा मुलगा वा मुलगी धर्मग्रंथांच्या वर्गाला जाते. १९१२ साली सॉल्ट लेक शहरातील ग्रॅनाइट हायस्कुलाजवळ असा पहिला वर्ग भरला. यूटात तो शाळेच्या वेळात भरतो. इतर ठिकाणी मुले पहाटे उठून वर्ग आटोपतात आणि मग शाळेत जातात. सोमवारची संध्याकाळ कुटुंबाने एकत्र बसून धर्मचर्चा करण्यासाठी राखलेली असते; ही प्रथा १९१५ पासून सांगितली गेली आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचे जेवण सोडून त्याचे पैसे गरिबांसाठी द्यायचे. उत्पन्नाचा दहावा हिस्सा पंथाला द्यायचा. १८ वर्षांचा झाला की मुलगा दोन वर्षे प्रचाराला बाहेर पडतो, मुली दीड वर्ष जातात. आणि या कामाचा पगार मिळणे दूरच, उलट खर्च स्वतःच्या वा घरच्या पैशांतून करायचा. २०१० साली अमेरिकेतील प्यू संस्थेने निरनिराळ्या धर्मांच्या लोकांना धर्मविषयक ३२ प्रश्न विचारले. बायबल व ख्रिस्ती धर्म यांवरील प्रश्नांत मॉर्मन लोक सर्वांच्या पुढे निघाले. ज्या घरात दर आठवड्याला अभ्यास होतो, त्या घरातील माणसाला उत्तर येते, यात चमत्कार तो काय?

आता आपल्या घरात या. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्याला त्रिशरण, पंचशील आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या बावीस प्रतिज्ञा आपल्या मुलाला क्रमाने सांगता येतात काय? मुलाचे राहू द्या, बापाला येतात काय? मद्य पिणार नाही ही त्यांपैकीच एक प्रतिज्ञा. मग जयंतीच्या मिरवणुकीत झोकांड्या खात नाचणारा तो कोण? भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि फडताळात जुने देव, मंडपात पंचशील आणि पाठीमागे पंचांग, हा दुटप्पीपणा मुलांना दिसत नाही असे समजू नका. मुले कानांपेक्षा डोळ्यांनी अधिक शिकतात.

यावर आईबाप सांगतात की, आम्ही कष्टकरी माणसे, आम्हांला वेळ कोठून? मुले मोठी झाली की वाचतील. आम्ही विचारतो, शाळेच्या बाबतीत आपण असे म्हणतो काय? मूल मोठे झाल्यावर आपोआप बाराखडी शिकेल म्हणून त्याला कोणी घरी बसवून ठेवतो काय? वर्षातून एक दिवस दीक्षाभूमीवर आणि एक दिवस चैत्यभूमीवर जाणे ही कृतज्ञता झाली, शिक्षण झाले नाही. मॉर्मन माणसाचा दहावा हिस्सा ऐकून आपण आश्चर्याने तोंडात बोट घालतो. पण दीक्षेच्या दुसऱ्याच दिवशी बाबासाहेबांनी आपल्याकडे धम्मकार्यासाठी उत्पन्नाचा विसावा हिस्सा मागितला होता, हे किती घरांना ठाऊक आहे? १९५० साली महाबोधि मासिकात लिहिताना त्यांनी भिक्षुसंघात विद्या व सेवा यांचा अभाव असल्याचे स्पष्ट सांगितले आणि ख्रिस्ती धर्मप्रसारकांच्या सेवाकार्याकडे बोट दाखवले. तेव्हा परक्यांकडून काय शिकायचे, असे नाक मुरडणाऱ्या पहिल्या तटाला बाबासाहेबांनीच उत्तर देऊन ठेवले आहे.

पण म्हणून दुसऱ्या तटाच्या मागे जावे काय? मुळीच नाही. त्या पंथाचे दोन तरुण नेहमी जोडीने फिरतात. जोडीदाराला सोडून एकट्याने हिंडण्याची त्यांना मोकळीक नसते. भगवान बुद्धांनी पहिल्या साठ भिक्षूंना बहुजनांच्या हितासाठी धाडले, तेव्हा एका वाटेने दोघांनी जाऊ नये असे सांगितले. ज्याची बुद्धी जागी आहे, त्याच्यावर पहारा ठेवावा लागत नाही. बारा वर्षांच्या सुमारास मॉर्मन मुलाला पौरोहित्याचा अधिकार मिळतो, त्याच्या आईला मात्र तो जन्मभर मिळत नाही. याहून दारुण गोष्ट अशी की, जून १९७८ पर्यंत आफ्रिकी वंशाच्या पुरुषाला त्या पंथात हे पौरोहित्य बंद होते, आणि त्या वंशाच्या स्त्रीपुरुषांना मंदिरातील मुख्य विधीही बंद होते. त्या काळात हजारो निर्व्यसनी, नम्र, पांढऱ्या सदऱ्यातील तरुण दारोदार हिंडून देवाचे प्रेम सांगत होते, आणि त्यांच्याच मंदिराचे दार काळ्या बांधवाला लागलेले होते. विरोधाचा आवाज थोड्यांनीच काढला, आणि त्यांतील काहींना पंथातून बहिष्कृत व्हावे लागले. त्या बंदीच्या समर्थनार्थ सांगितलेले सिद्धान्त पंथाने स्वतः २०१३ साली त्याज्य ठरवले. १९३० साली काळाराम मंदिराच्या दाराशी ज्यांच्या वाडवडिलांनी सत्याग्रह केला, त्यांना या बंद दाराचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. आज्ञाधारकपणा हा सद्गुण खरा. पण प्रश्न विचारण्याचा हक्क गमावलेला आज्ञाधारकपणा अन्यायाचाही निष्ठावंत नोकर होतो.

कालामांना भगवंतांनी सांगितले की परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून वा गुरू बोलला म्हणून स्वीकारू नका, पारखून घ्या. परंतु पारखायला आधी काही हाती असावे लागते. ज्या मुलाला धम्म ठाऊकच नाही, तो त्याची पारख कशी करणार? आम्ही बुद्धिवादी आहोत, आम्हांला शिस्त कशाला, असे म्हणणारे लोक आपल्या आळसाला बुद्धिवादाचे नाव देत आहेत.

तेव्हा आठवड्यातील एक संध्याकाळ प्रत्येक बौद्ध कुटुंबाने राखून ठेवावी. मुलाने वा मुलीने एक प्रतिज्ञा मोठ्याने वाचावी आणि ती का घेतली, असे बापाला विचारावे. बापाला उत्तर आले नाही तर सर्वांनी मिळून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ उघडावा. मुलीला मुलाइतकेच बोलू द्यावे. विसावा हिस्सा वेगळा काढून त्याचा जमाखर्च वस्तीसमोर मांडावा. परीक्षा संपलेल्या तरुणांनी सुटीतला एक महिना शेजारच्या वस्तीतील मुलांना शिकवावे. यासाठी ना देवदूत लागतो, ना सोन्याचे पत्रे.

धर्मांतरानंतर बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती केंद्राकडून मिळण्यास १९९० साल उजाडले. तो हक्क आपण झगडून मिळवला. हक्क हिरावला गेला तर त्यासाठी न्यायालयात दाद मागता येते. परंतु आपल्या मुलाला पंचशील शिकवा, असा हुकूम कोणतेही न्यायालय तुमच्यावर बजावणार नाही. हा खटला तुमच्या घरात चालायचा आहे, आणि त्याचा निकाल तुमची मुले देणार आहेत.

जय भीम!