पोरांचे फुकट काम

सभासद बंधूंनो,

आडसाली लागणीच्या सुमारास कृषी महाविद्यालयाची पोरं-पोरी कार्यानुभवासाठी गावात मुक्कामाला येतात. मग आपण काय करतो? कुणी खताच्या पाट्या उचलायला लावतो, कुणी वही पुढे सरकवतो. आम्हीही गट ऑफिसात त्यांच्याकडून लागणीच्या नोंदीच उतरवून घेतल्या, हे कबूल करतो.

फुकट काम वाईटच, असे आमचे म्हणणे नाही. १९६९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थी वर्षाला १२० तास सेवा देतोच. पण ज्या कामाला एरवी रोजाने गडी लावला असता, ते पोरांवर ढकलले की गड्याचा रोज बुडतो आणि पोराचे शिक्षणही बुडते.

त्यांना मातीचा नमुना काढू द्या, बेणेप्रक्रिया करून दाखवू द्या, फुटवे मोजू द्या. त्यांचे चुकले तर सांगा, आपले चुकत असेल तर ऐकून घ्या. जेवणाचा व एस.टी.चा खर्च कारखान्याने सोसावा, असे आमचे मत आहे. गरिबाच्या पोराला पदरमोड करून शिकावे लागू नये. त्यातलाच एखादा उद्या आमच्या जागी तुमच्या बांधावर उभा राहणार आहे. विचार व्हावा.