मोठी खेळगाडी आणि तिची निगा



शिलाईचे यंत्र, टेबलफॅन, सायकल, मिक्सर यांची निगा कशी राखावी याविषयी या सदरात आम्ही वेळोवेळी लिहीत आलो आहोत. या खेपेस विषय जरा वेगळा आहे. खेळण्यातली, पण मोठ्या मापाची आगगाडी आणि तिची देखभाल-दुरुस्ती. हा छंद मुख्यतः जर्मनी, इंग्लंड, अमेरिका या देशांतला आणि खर्चाचाही. ही गाडी विकत घ्या असे सांगण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. परंतु आपल्यातल्या कितीतरी घरांत वडील, आजोबा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये, शेडमध्ये नाहीतर रुळांवर राबले आहेत. त्या घरांतल्या मुलामुलींना या छोट्या गाडीत मोठ्या रेल्वेचे बरेच धडे सापडतील. शिवाय यंत्र बनविणारी कंपनी बुडाली तरी यंत्र कसे जगते, हेही या गाडीवरून कळते.

गाडी केवढी?

ही गाडी टेबलावर मावत नाही. ती बागेत, अंगणात धावते. तिच्या दोन रुळांमधले अंतर ४५ मिलिमीटर, म्हणजे पावणेदोन इंचांहून किंचित जास्त. मेर्क्लिन या जर्मन खेळणी कंपनीने १८९१ साली खेळगाड्यांची जी मापे ठरविली त्यांतलेच हे एक. पुढे १९६८ साली न्यूरेंबर्गच्या लेमान कंपनीने याच रुळावर धावणारी, ऊनपावसात टिकणारी गाडी बाजारात आणली. ‘एल.जी.बी.’ या नावाने ती जगभर गेली.

तिचे प्रमाण साडेबावीसास एक. म्हणजे खरी गाडी तिच्या साडेबावीस पट. मुलांना हे गणित जरूर करायला सांगा. ४५ ला साडेबावीसने गुणले की १०१२ मिलिमीटर येतात, म्हणजे जवळजवळ एक मीटर. मनमाडहून तेव्हाच्या औरंगाबादकडे जाणारी मीटरगेज गाडी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. तो मार्ग १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाला. त्या मीटरगेजचीच ही धाकटी बहीण समजा.

कंपनी बुडाली तेव्हा

लेमान ही १८८१ सालची जुनी कंपनी. २००६ साली तिचे दिवाळे निघाले. पुढच्या वर्षी मेर्क्लिनने तिचा व्यवसाय घेतला, तर २००९ साली खुद्द मेर्क्लिनवरच दिवाळखोरीची पाळी आली. ती कंपनी पुढे सावरली आणि एल.जी.बी.च्या गाड्या आजही निघतात. पण अमेरिकेतील अ‍ॅरिस्टोक्राफ्ट ही याच मापाच्या गाड्यांची कंपनी २०१३ साली बंदच पडली.

लोकांच्या घरी इंजिने होती. सुटा भाग मागवायचा कोणाकडे? गाडी दुरुस्तीला धाडायची कुठे? अशा वेळी ज्यांच्या हाताला स्क्रू ड्रायव्हरची सवय होती, त्यांच्या गाड्या धावत राहिल्या. कोणी पितळेची दातेरी चाके कातून घेतली. कोणी दोन बंद इंजिनांतून एक चालू इंजिन उभे केले. आता तर थ्रीडी प्रिंटरवरही काही भाग बनवून घेतात. आमचे म्हणणे एवढेच की, वस्तू विकत घेणारा तिचा अर्धा मालक. ती दुरुस्त करू शकतो तो पुरा मालक.

गाडी थांबली, आधी काय पाहावे?

दुरुस्तीचा पहिला नियम असा की, लगेच इंजिन उघडायचे नाही. बाहेरून आत जायचे. आधी रूळ, मग चाके, मग कार्बन, मग मोटार आणि शेवटी दातेरी चाके. पुष्कळ वेळा दोष पहिल्या दोन पायऱ्यांवरच सापडतो.

या गाडीला वीज रुळांतून मिळते. साधारण १८ ते २० व्होल्टपर्यंतचा डी.सी. प्रवाह एका रुळातून येतो, चाकांवाटे मोटारीत जातो आणि दुसऱ्या रुळातून परत फिरतो. दोन्ही तारांची अदलाबदल केली की गाडी उलटी धावते. रूळ बहुधा पितळी असतात. उघड्यावर पितळेवर तपकिरी-काळपट थर चढतो आणि वीज अडते. घरातल्या पितळेच्या तांब्याला जे होते तेच इथे होते. भांडी घासायची प्लास्टिकची हिरवी घासणी किंवा बारीक पॉलिशपेपर लाकडी ठोकळ्याला लावून रुळाचा माथा घासावा. मात्र लोखंडी तारेची घासणी कधीही वापरू नये. तिचे बारीक तुकडे मोटारीतल्या लोहचुंबकाला चिकटतात आणि आत शॉर्ट होते.

मग सांधे पाहावेत. दोन रूळ जोडणारी पट्टी ढिली झाली की वीज तिथेच थांबते आणि गाडी पुढच्या तुकड्यावर मरगळते. पट्टी काढून स्वच्छ करावी आणि घट्ट बसवावी. अनेकजण तिथे स्क्रूने आवळायची पकड लावतात. सगळे सांधे आवळून टाकतानाही एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. पितळ उन्हाने वाढते. दहा मीटर लांबीचा रूळ आणि पहाटे-दुपारच्या उष्णतेत ४० अंशांचा फरक धरला तर वाढ सात-आठ मिलिमीटर भरते. जागा ठेवली नाही तर रूळ वाकतो. हे आपल्या गँगमनला सांगायला नको. मोठ्या रुळाची जोखीम त्याने आयुष्यभर सांभाळलेली असते.

चाके, कार्बन आणि मोटार

रूळ स्वच्छ असूनही गाडी आचके देत असेल तर चाके पाहावीत. चाकाच्या कडेवर काळा, चिवट मळ बसतो. तो स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने निघतो. एखाद्या चालत्या चाकावर पकडीसाठी रबराचे कडे असते. त्याला स्पिरिट लावू नये. कडे सैल झाले किंवा तडकले असेल तर बदलावे. त्यावाचून इंजिन चढावर नुसतेच फिरत राहते.

अनेक इंजिनांत चाकांच्या मागे स्प्रिंगवर दाबलेले बारीक कार्बन असतात. ते चाकातून वीज घेतात. मिक्सरच्या मोटारीत जसा कार्बन झिजतो तसाच हाही झिजतो. तो आखूड झाला, अडकला किंवा त्यामागची स्प्रिंग मेली की वीज तुटते. किमतीने हा भाग किरकोळ असतो, पण त्याच्यावाचून महागाचे इंजिन ठोकळा होऊन बसते.

आता मोटारीची परीक्षा. इंजिन मऊ कापडावर उलटे ठेवावे. दोन तारांनी डाव्या व उजव्या चाकांना थेट वीज द्यावी. चाके सुरळीत फिरली तर इंजिन निर्दोष, दोष रुळांत आहे. काहीच हालचाल नसेल तर कार्बन, आतली तार किंवा सोल्डरचा सांधा तपासावा. मोटार नुसती गुणगुणत असेल आणि चाके फिरत नसतील तर वीज तत्काळ बंद करावी. कुठेतरी काहीतरी जाम झाले आहे. तसेच चालू ठेवले तर मोटार जळते.

इंजिन उघडताना

स्क्रू लहान-मोठ्या लांबीचे असतात. लांब स्क्रू आखूड जागी बसवला तर प्लास्टिक फुटते. म्हणून कागदावर इंजिनाचे चित्र काढून प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी टोचून ठेवावा. हल्ली मोबाईलवर पायरीपायरीने फोटो काढून ठेवणे त्याहून सोपे.

आत मोटारीच्या दांड्यावर स्क्रूसारखा आटे असलेला वर्म असतो. तो आसावरच्या दातेरी चाकाला फिरवतो. बऱ्याच इंजिनांत हे दातेरी चाक प्लास्टिकचे असते आणि पोलादी आसावर दाबून बसवलेले असते. वर्षानुवर्षे तो ताण सोसून प्लास्टिकला केसाएवढी चीर पडते. लक्षणे ओळखू येतात. इंजिन टक्‌टक् आवाज करते, लंगडते, मोटार फिरते पण चाक फिरत नाही. अशा चाकाला कितीही चिकटवले तरी ते फार टिकत नाही. नवे घालावे. शक्यतो धातूचे.

चाक बदलताना वाफेच्या इंजिनाच्या नमुन्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते. डाव्या बाजूचा क्रँक आणि उजव्या बाजूचा क्रँक एकमेकांशी ९० अंशांत असतात. खऱ्या इंजिनात ही व्यवस्था एवढ्यासाठी की एका बाजूचा दट्ट्या टोकाला येऊन अडला तरी दुसरी बाजू ओढत राहावी. सगळ्या आसांवर हा कोन सारखा नसेल तर बाहेरचे दांडे अडकतात आणि इंजिन जागच्या जागी आखडते. जुन्या शेडमधल्या फिटरला हे विचारा. तो डोळे मिटून सांगेल.

तेल आणि ग्रीस

तेलाच्या अभावाने गाडी झिजते, तशी अति तेलानेही बिघडते. जुने ग्रीस मेणासारखे घट्ट झाले असेल तर आधी ते पुसून काढावे. नवे ग्रीस दात्यांवर पातळसे लावावे, आसाच्या टोकांना सुईच्या अग्राने एकेक थेंब तेल द्यावे. प्लास्टिकला चालणारेच वंगण घ्यावे, कारण काही खनिज तेलांनी प्लास्टिक ठिसूळ होते. घरचे खोबरेल तेल तर नकोच. ते थंडीत गोठते आणि पुढे चिकट होते. रुळावर, कार्बनवर तेल पडू देऊ नये. तेलावर धूळ बसते आणि पुन्हा पहिल्यापासून सफाई आली. धूर काढणाऱ्या इंजिनात धुराचे तेल संपल्यावर यंत्र कोरडे चालवले की आतली तार जळते, हेही ध्यानात ठेवावे.

वाफेची खरी गाडी

याच मापात खरोखर वाफेवर चालणारी इंजिनेही असतात. तांब्याचा बॉयलर, खाली गॅसची किंवा स्पिरिटची ज्योत. हे खेळणे नव्हे. पाणी शुद्ध केलेलेच घालावे, नाहीतर आत क्षार धरतात. सेफ्टी व्हॉल्व्ह मोकळा उघडतो की नाही हे प्रत्येक खेपेस पाहावे. नवा बॉयलर कामाच्या दाबाच्या दुप्पट दाबाने तपासतात, आणि तोही थंड पाण्याने. कारण पाणी दाबले तरी आकसत नाही. बॉयलर फाटलाच तर थोडे पाणी सांडून दाब उतरतो. वाफेने किंवा हवेने तपासला तर स्फोट होईल.

वाफेच्या छोट्या इंजिनांची विद्या सामान्य घरांत पोचविणाऱ्या एका माणसाचा उल्लेख इथे केला पाहिजे. इंग्लंडमध्ये १८९८ साली ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक निघाले. त्यात १९२० च्या दशकापासून ‘एल.बी.एस.सी.’ या टोपणनावाने एक गृहस्थ लिहीत. ही आद्याक्षरे एका रेल्वे कंपनीची होती, आणि ते स्वतः तरुणपणी रेल्वेत राबलेले होते. अडीच इंची रुळावरचे त्यांचे कोळशाचे इंजिन मोठ्या माणसाला ओढून नेई. शेडमधल्या कामगाराच्या साध्या बोलीत त्यांनी इंजिनाची विद्या लिहिली आणि साध्यासुध्या लोकांनी घरच्या खोपटात इंजिने उभी केली. १९६७ साली ते वारले. विद्या कोणाच्या तरी पेटीत बंद राहिली तर ती त्याच्याबरोबर जाते. लिहून ठेवली तर ती सर्वांची होते.

वही ठेवा

म्हणून शेवटची सूचना. प्रत्येक इंजिनाची एक वही ठेवावी. तेल कधी दिले, कोणता कार्बन बदलला, कोणता आवाज येत होता, हे तारखेनिशी लिहावे. आपल्या रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये ठरावीक मुदतीने पी.ओ.एच. होते. इंजिन बंद पडण्याची वाट पाहत नाहीत. घरच्या यंत्रालाही तोच नियम लावावा. गाडी फार दिवस ठेवून द्यायची असेल तर त्यातले सेल काढून ठेवावेत, नाहीतर ते पाझरून आतला धातू खातात.

मुलांना अशा गाड्या पाहायच्या असतील तर पुण्यात कोथरूडला १९९८ साली सुरू झालेले जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. तिथल्या गाड्या मापाने पुष्कळ लहान आहेत, पण रूळ, सिग्नल, सांधे यांची रचना समजायला फार उपयोगी.

आणि घरात सेलवर चालणारी एखादी मोडकी गाडी पडली असेल तर ती भंगारात देण्याआधी एका रविवारी मुलामुलींना उघडू द्या. मुलीच्या हातीही स्क्रू ड्रायव्हर द्या. घरच्या विजेवर चालणारी वस्तू मात्र मोठे माणूस सोबत असल्याखेरीज उघडू देऊ नका. आतली मोटार, वर्म, दातेरी चाक, तार आणि सेल यांची नावे त्यांच्याकडून वदवून घ्या. गाडी चालू होईल किंवा होणार नाही. पण यंत्राची भीती त्या दिवशी जाईल, आणि आजोबा शेडमध्ये दिवसभर काय करीत होते तेही नातवंडांना कळेल. देखभालीचे काम कोणाला दिसत नाही. गाडी वेळेवर धावते तेव्हा त्यामागे कोणाचे तरी तेलकट हात असतात. ते हात आपल्या घरातले असतील तर मुलांनी ते अभिमानाने सांगावे.