‘लावून बघू’ ही सवय सोडावी

जुन्या डेस्कटॉप संगणकाची रॅम वाढवून देणे हे संगणक-दुरुस्तीच्या व्यवसायात आजवर किरकोळ काम समजले गेले आहे. झाकण उघडावे, मोकळ्या स्लॉटमध्ये आणखी एक रॅम बसवावी, संगणक चालू झाला की बिल द्यावे आणि नाही झाला तर दुसरी रॅम लावून बघावी, अशीच बहुतेक दुकानांतील रीत आहे. रॅम स्वस्त होती आणि चुकलेली रॅम घाऊक विक्रेता मुकाट्याने बदलून देत होता, तोवर ही रीत खपून गेली. आता परिस्थिती पालटली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा संपला, विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर अधिकृतपणे स्वीकारत नाही, आणि नवा संगणक घ्यावा तर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सर्व्हरांकडे वळलेल्या उत्पादनामुळे रॅमच्याच किमती चढलेल्या आहेत; मायक्रॉन या कंपनीने तर डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रुशियल’ हा किरकोळ ग्राहकांसाठीचा व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. अशा वेळी कारखान्याचा हिशेबनीस असो वा शाळेचा मुख्याध्यापक, आहे तोच संगणक आणखी काही वर्षे चालवण्याचा विचार करतो, आणि त्यासाठी लागणारी डीडीआर२ किंवा डीडीआर३ रॅम बाजारात प्रामुख्याने वापरलेली, दुसऱ्या संगणकातून काढलेली किंवा बिननावाची मिळते.

पालघर आणि बोईसर-तारापूर परिसरातील तंत्रज्ञांना चुकीची रॅम आणल्याची किंमत मुंबईतील तंत्रज्ञापेक्षा अधिक मोजावी लागते. सुट्या भागांचा मोठा बाजार म्हणजे ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड. तो बोईसरपासून सुमारे १०० किलोमीटरवर आहे. एप्रिल २०१३ मध्ये लोकल गाड्या डहाणू रोडपर्यंत धावू लागल्याने ही ये-जा सोपी झाली खरी, तरी एक रॅम बदलून आणण्यात कामाचा संपूर्ण दिवस जातो, आणि त्या दिवसाची मजुरी कोणत्याच बिलात लिहिता येत नाही. म्हणूनच खरेदीआधी वाचन आणि मगच जोडणी हा क्रम येथे चैनीचा नसून पोटापाण्याचा प्रश्न आहे.

रॅमच्या पिढ्या ओळखणे हा या वाचनाचा पहिला आणि सर्वांत सोपा भाग होय. डीडीआर२ आणि डीडीआर३ या दोन्हींना २४० पिना असल्या तरी त्यांच्या कडेवरील खाच वेगवेगळ्या ठिकाणी असते, आणि पहिलीला १.८ व्होल्ट तर दुसरीला १.५ व्होल्ट दाब लागतो. डीडीआर४ ला २८८ पिना असून ती १.२ व्होल्टवर चालते. खाच जुळत नसताना जोर लावणारा तंत्रज्ञ आता विरळा. वेगाबाबतचा नियमही बहुतेकांना ठाऊक असतो: डीडीआर३-१६०० हीच पीसी३-१२८०० होय, कारण सेकंदाला १६०० दशलक्ष हस्तांतरणे आणि प्रत्येक वेळी ८ बाइट यांचा गुणाकार १२८०० येतो, आणि वेगवान रॅम मंद बोर्डावर लावल्यास ती बोर्डाच्या किंवा सोबतच्या मंद रॅमच्या वेगाने चालते, तिचे नुकसान होत नाही. फसगत होते ती याच्या पुढे, जेथे खाच जुळते, व्होल्ट जुळतात, वेगही जुळतो आणि तरीही पडदा काळाच राहतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे इंटेलच्या जी४१ चिपसेटचे बोर्ड. २००८ मध्ये आलेला हा चिपसेट एलजीए ७७५ सॉकेटच्या ड्युअल कोअर आणि कोअर २ ड्युओ प्रोसेसरांसोबत देशभर खपला, आणि त्याचे डीडीआर३ स्लॉट असलेले बोर्ड छोट्या कार्यालयांतून आजही चालू दिसतात. हा बोर्ड एकूण ८ जीबी रॅम स्वीकारतो असे त्याच्या माहितीपत्रकात असते, म्हणून तंत्रज्ञ ४ जीबीच्या दोन रॅम आणतो, आणि संगणक एक तर बीप देत राहतो किंवा अजिबात उठत नाही. दोष रॅमचा नसतो आणि बोर्डाचाही नसतो. रॅमवरील प्रत्येक चिपमध्ये माहिती ओळी आणि स्तंभ यांच्या जाळ्यात साठवलेली असते, आणि कोणती ओळ उघडायची हे मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅमशी बोलणारे मंडल, पत्त्याच्या तारांवरून कळवते. आठ बिट रुंदीच्या २ गिगाबिट चिपमधील ओळीचा पत्ता १५ बिटांचा असतो, तर तेवढ्याच रुंदीच्या ४ गिगाबिट चिपमधील ओळीचा पत्ता १६ बिटांचा. जी४१ च्या कंट्रोलरची झेप २ गिगाबिटच्या चिपपर्यंतच आहे. सोळाव्या बिटाची सोय त्यात नाही, आणि ती बायोस अद्ययावत करूनही येत नाही. या चिपसेटच्या काळात हे मंडल मदरबोर्डावरील नॉर्थब्रिज चिपमध्ये होते. पुढे कोअर आय मालिकेत इंटेलने ते प्रोसेसरमध्येच नेले, म्हणून नव्या बोर्डावर रॅमची मर्यादा पाहताना प्रोसेसरची पिढीही पाहावी लागते.

परिणामी ४ जीबीच्या दोन रॅम बाहेरून सारख्याच दिसल्या तरी एकीवर २ गिगाबिटच्या सोळा चिप्स दोन्ही बाजूंना असतात आणि दुसरीवर ४ गिगाबिटच्या आठच चिप्स एका बाजूला असतात. जी४१ वर पहिलीच चालते. बोर्ड दुरुस्त करणाऱ्यांमध्ये ‘सोळा चिप्सवाली द्या’ हे परवलीचे वाक्य यातूनच रूढ झाले. ते उपयोगी आहे, पण अपुरे आहे, आणि या संपादकीयाचा मुख्य रोख येथेच आहे.

बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या, आणि विक्रेते जिला ‘फक्त एएमडीसाठी’ म्हणतात त्या डीडीआर३ रॅमवरही २ गिगाबिटच्या सोळाच चिप्स असू शकतात. फरक चिपच्या रुंदीचा असतो. संगणक एका वेळी ६४ बिट वाचतो. आठ बिट रुंदीच्या आठ चिप्स मिळून ६४ बिटांचा एक संच, म्हणजे रँक, होतो आणि सोळा चिप्सचे दोन रँक होतात. चार बिट रुंदीच्या चिप्स असतील तर सोळाच्या सोळा मिळून एकच रँक होतो, आणि स्तंभाचा पत्ता दहाऐवजी अकरा बिटांचा होतो. एएमडीचे त्या काळातील अनेक प्रोसेसर अशी रॅम वाचू शकत. इंटेलच्या डेस्कटॉप कंट्रोलरांना ती वाचता येत नाही. म्हणजे चिप्स मोजून समाधान मानणारा तंत्रज्ञही फसतो. चिपवरचा कोडच वाचावा लागतो. सॅमसंगच्या चिपवर ‘के४बी२जी०८४६’ अशी सुरुवात असेल तर ‘के४बी’ म्हणजे डीडीआर३, ‘२जी’ म्हणजे २ गिगाबिट आणि ‘०८’ म्हणजे आठ बिट रुंदी. त्याच जागी ‘०४’ असेल तर ती रॅम जी४१ साठी निरुपयोगी. दोन आकड्यांतील हा फरक भिंगातून अर्ध्या मिनिटात दिसतो. मूळ कंपनीचे लेबल शाबूत असेल तर ‘२आर×८’ ही नोंद तेच सांगते: दोन रँक, आठ बिट रुंदी. मात्र किरकोळ विक्रीच्या रॅमवरील लेबलावर ही नोंद अनेकदा नसते, आणि चिप्सवर रंगीत पत्रा चिकटवलेला असेल तर काहीच वाचता येत नाही. जुन्या बोर्डासाठी पत्रा लावलेली, अनोळखी रॅम घेऊच नये, असे या मासिकाचे स्पष्ट मत आहे.

इतर चिपसेटांबद्दल थोडक्यात सांगता येते. २००७ चा जी३१ डीडीआर२ रॅमवर चालतो, कमाल ४ जीबी घेतो आणि प्रत्येक स्लॉटमध्ये २ जीबीच्या पुढे जात नाही. त्यामुळे त्याच्यासाठी ४ जीबीची एकच डीडीआर२ रॅम विकत घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. २०११ चा एच६१ आणि २०१३ चा एच८१ हे दोन्ही १६ जीबीपर्यंत जातात आणि त्यांच्यावर ४ गिगाबिटच्या सोळा चिप्सची ८ जीबी रॅम चालते. सर्व्हरमधून काढलेली ‘रजिस्टर्ड’ रॅम, जिच्या लेबलावरील वेगाच्या आकड्यानंतर ‘यू’ऐवजी ‘आर’ असते, अतिशय स्वस्त मिळते आणि साध्या डेस्कटॉपवर चालतच नाही. सहाव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरांसोबत काही बोर्डांवर डीडीआर३ स्लॉट येतात, तेथे इंटेलने १.३५ व्होल्टची डीडीआर३एल रॅमच मान्य केली आहे, १.५ व्होल्टची रॅम लावून संगणक उठला तरी ती काढून ठेवावी, कारण कंट्रोलर प्रोसेसरच्या आत असल्याने पुढे बिघाड झाला तर प्रोसेसरच जातो. आणि ३२ बिटांची विंडोज असलेल्या संगणकात ४ जीबीच्या पुढे कितीही रॅम बसवली तरी ती बहुतांश वाया जाते, हे ग्राहकाला पैसे घेण्यापूर्वी सांगितले पाहिजे.

तारापूर औद्योगिक क्षेत्रात काम करणाऱ्यांसाठी याहून निराळा एक प्रश्न आहे, ज्याकडे या व्यवसायाने पुरेसे लक्ष दिलेले नाही. येथे रसायने, औषधे, कापड आणि पोलाद यांचे कारखाने एकमेकांना लागून आहेत, समुद्र जवळ आहे आणि पावसाळा दीर्घ व दमट असतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या सर्वंकष प्रदूषण निर्देशांकात तारापूरला ९३.६९ गुण मिळाले होते. त्यात हवेसोबत पाणी आणि जमीनही मोजली जाते हे लक्षात घेऊनही हा आकडा धोक्याचाच आहे. हवेतील गंधकाची आणि क्लोरीनची संयुगे दमटपणाच्या साथीने तांबे आणि चांदी खातात. उपकरणांच्या खोलीतील हवा किती गंजकारक आहे हे ठरवण्यासाठी ‘आयएसए ७१.०४’ हे मानक वापरले जाते; त्यात तांब्याची पट्टी हवेत ठेवून तिच्यावर महिन्याला किती जाड थर चढतो हे पाहतात, आणि तो ३० नॅनोमीटरहून कमी असेल तरच हवा सौम्य मानतात. रॅमच्या कडेवरील पट्ट्यांना सोन्याचा मुलामा असतो, पण तो फार पातळ असतो आणि त्यातील सूक्ष्म छिद्रांतून खालच्या धातूचा गंज वर येतो.

असा गंज चढलेला संगणक मधूनच बंद पडतो, निळा पडदा दाखवतो किंवा ४ जीबी असताना २ जीबीच दाखवतो, आणि ग्राहकाला वाटते की रॅम कमी पडते आहे. नवी रॅम विकणे अशा वेळी सोपे असते, पण ते योग्य नाही. आधी जुनी रॅम काढून तिच्या पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसाव्यात, स्लॉटमधील धूळ काढावी आणि मेमटेस्ट ८६+ हा चाचणी कार्यक्रम रात्रभर चालवावा. पट्ट्यांवर खोडरबर घासण्याची पद्धत सर्वत्र आहे, तिच्यामुळे संगणक लगेच उठतोही. परंतु प्रत्येक घासण्यात मुलाम्याचा काही अंश जातो आणि पुढच्या पावसाळ्यात तोच संगणक परत दुकानात येतो. खोडरबर हा शेवटचा उपाय असावा, पहिला नव्हे.

औषधनिर्मिती कारखान्यांत तर झाकण उघडण्यापूर्वीच थांबावे लागते. प्रयोगशाळेतील क्रोमॅटोग्राफीसारख्या उपकरणाला जोडलेला संगणक जुना दिसला तरी तो उपकरणाचाच भाग असतो. त्याच्यावरील सॉफ्टवेअर आणि त्याचे घटक प्रमाणित केलेले असतात, आणि २८ डिसेंबर २०२३ रोजी अधिसूचित झालेल्या सुधारित ‘शेड्यूल एम’ने, म्हणजे औषध नियमांतील उत्तम उत्पादन पद्धतींच्या अनुसूचीने, बदलांच्या नोंदी आणि मंजुरीची शिस्त अधिक कडक केली आहे. वार्षिक देखभाल करारावर आलेल्या तंत्रज्ञाने गुणवत्ता विभागाच्या लेखी मंजुरीशिवाय तेथे ४ जीबीची ८ जीबी केली, तर संगणक वेगवान होईल, पण तपासणीच्या वेळी त्या संगणकातून निघालेल्या निष्कर्षांवर प्रश्न उभा राहील आणि त्याचे उत्तर कारखान्याला द्यावे लागेल. शिवाय अशा उपकरणांचे ड्रायव्हर अनेकदा ३२ बिटांच्या जुन्या विंडोजवरच चालतात, त्यामुळे वाढवलेल्या रॅमचा उपयोग होण्याची शक्यताही कमी असते. अशा ठिकाणी तीच क्षमता, तीच रुंदी आणि शक्य तर त्याच क्रमांकाची रॅम राखीव म्हणून सांभाळणे हेच खरे काम आहे.

रॅम मुळात हवी आहे का, हा प्रश्नही अनेकदा राहून जातो. कार्यालयीन कामाच्या संगणकात ४ जीबी रॅम असेल आणि आत फिरती हार्ड डिस्क असेल, तर तेवढ्याच पैशात एसएसडी बसवल्याने ग्राहकाला अधिक फरक जाणवतो. टास्क मॅनेजरमध्ये रॅम आणि डिस्क यांपैकी काय भरलेले दिसते ते पाहूनच सल्ला द्यावा.

पालघर, बोईसर, डहाणू, वाणगाव येथील तंत्रज्ञ-वाचकांना या मासिकाची विनंती आहे की पुढच्या महिन्यापासून रॅमच्या प्रत्येक बिलावर केवळ ‘४ जीबी रॅम’ असे न लिहिता बोर्डाचा चिपसेट, रॅमवरील चिपचा पूर्ण कोड, चिप्सची संख्या आणि व्होल्ट यांची नोंद करावी, काढलेली जुनी रॅम ग्राहकाच्या हाती परत द्यावी, आणि कोणत्या बोर्डावर कोणता कोड चालला किंवा चालला नाही याच्या नोंदी या कार्यालयाकडे पाठवाव्यात. त्या पडताळून पुढील अंकांत तक्त्याच्या रूपाने छापल्या जातील.