बोर्ड बसवायचा तर पूर्ण बसवा

जुलै महिना, सकाळचे दहा. सेवा केंद्रासमोर रांग लागलेली. कुणाला उत्पन्नाचा दाखला हवा आहे, कुणाला पीक विमा भरायचा आहे, कुणाच्या मुलीच्या प्रवेशाची आज शेवटची तारीख आहे. केंद्रचालक संगणक सुरू करतो, साइट उघडायला जातो आणि पडद्यावर इशारा येतो की ही जोडणी सुरक्षित नाही. रांगेतून आवाज येतो, "सर्व्हर डाउन असंल." चालक काही बोलत नाही. पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळावर क्लिक करतो, तिथली १ जानेवारी २०१२ ही तारीख काढून आजची टाकतो आणि साइट उघडते. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हेच.

यात सर्व्हरचा काही दोष नसतो. मदरबोर्डवर नाण्यासारखा एक सेल बसवलेला असतो. सीआर २०३२ हे त्याचं नाव, २० मिलिमीटर व्यास, ३ व्होल्ट. संगणक बंद असताना बोर्डवरचं घड्याळ या सेलवर चालतं. सेल संपला की घड्याळ बोर्डाच्या जन्मवर्षात जाऊन बसतं. प्रत्येक सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. २०१२ सालात अडकलेल्या संगणकाच्या हिशेबाने आजचं प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नसतं, म्हणून ब्राउझर दार लावून घेतो. सेल मिळतो चाळीस-पन्नास रुपयांना, बदलायला पाच मिनिटं लागतात. तरीही तो महिनोन् महिने बदलला जात नाही, कारण कॅबिनेटचं झाकण उघडणं हे आपलं काम आहे असं तिथे कुणालाच वाटत नाही.

नांदेड-लातूरकडच्या संगणकांचं खरं दुखणं इथे आहे. आपल्याकडे संगणक चालू झाला की तो बसवला असं मानतात. बोर्ड कॅबिनेटमध्ये गेला, पडद्यावर विंडोज दिसली, ग्राहकाने पैसे दिले, काम संपलं. बसवण्याचं निम्मं काम मात्र तिथून पुढे असतं आणि ते राहून जातं.

असेंबल्ड कॉम्प्युटरची परंपरा या भागात चांगली रुजलेली आहे. नांदेड हा दक्षिण मध्य रेल्वेचा विभाग. सुट्या भागांसाठी सिकंदराबाद रेल्वेने रात्रभराच्या अंतरावर. लातूरची ओढ पुण्या-मुंबईकडे, म्हणजे थेट मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या बाजारापर्यंत. ग्राहकाने बजेट सांगायचं, दुकानदाराने प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएमपीएस जुळवायचे आणि संध्याकाळपर्यंत यंत्र हातात द्यायचं. हे कौशल्य आहे आणि त्याला मान मिळायला हवा. एखाद्या सराईत कारागिराला बोर्ड बसवताना जवळून पाहावं. आधी तो पाठीमागच्या पोर्टांची पत्र्याची पट्टी आतून दाबून बसवतो. मग कॅबिनेटच्या तळाला लावलेले पितळी स्टँड मोजतो. बोर्डाला जिथे भोक नाही तिथे एखादा स्टँड राहिला तर तो पाठीमागच्या सोल्डरिंगला टेकतो आणि बोर्ड शॉर्ट होतो. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला छोटा त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवतो आणि प्रोसेसर नुसता ठेवतो, दाबत नाही. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटमध्ये केसासारख्या १७०० पिना असतात. एक वाकली तरी रॅमचा एखादा स्लॉट मुका होऊ शकतो. कूलरच्या चार खुंट्या समोरासमोरच्या जोडीने दाबतो, म्हणजे पेस्ट सगळीकडे सारखी पसरते. शेवटी पुढच्या बटणांच्या बारीक वायरी घेतो आणि पॉवर स्विच, रिसेट, दोन दिवे या पिना पुस्तिका न उघडता लावतो.

इतकी नजर असलेला माणूस पुढची दहा मिनिटं बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या आतल्या सेटिंगमध्ये, का घालवत नाही? कारण त्या दहा मिनिटांचे पैसे त्याला कुणी देत नाही. ग्राहक भाव करतो तो सुट्या भागांच्या बेरजेवर. मजुरी त्याला दिसत नाही, सेटिंग तर मुळीच दिसत नाही.

मग काय होतं? ३२०० चा म्हणून घेतलेला रॅम २४०० किंवा २६६६ वर चालत राहतो, कारण बायोसमधलं त्या वेगाचं प्रोफाइल चालू केलेलं नसतं. चार स्लॉटच्या बोर्डावर दोन पट्ट्या शेजारी-शेजारी बसवलेल्या असतात. त्या सहसा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हव्यात, तर रॅमचे दोन्ही मार्ग मिळून काम करतात. वीज परत आल्यावर संगणकाने आपोआप सुरू व्हायचं की बंद राहायचं, हेही बायोसमध्ये ठरवता येतं. मराठवाड्यात ही सेटिंग क्षुल्लक नाही. इथे लाइट येते, मिनिटभरात जाते, पुन्हा येते. कॅमेऱ्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या, यूपीएसवरच्या संगणकाने आपोआप उठायलाच हवं. यूपीएस नसलेल्या टेबलावरच्या यंत्राने मात्र बंदच राहावं, नाहीतर प्रत्येक झटका त्याच्या अंगावर जातो.

सगळ्यांत मोठं नुकसान सध्या चालू आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय आणि सिक्युअर बूट लागतं. इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. तपासणीच्या प्रोग्रॅमने "हा संगणक पात्र नाही" असं म्हटलं की कार्यालयात, शाळेत, क्लासमध्ये एकच निष्कर्ष निघतो : भंगार, नवीन घ्या. पण २०१८ ते २०२० च्या सुमारास जोडलेल्या कित्येक बोर्डांवर टीपीएमची सोय आधीपासूनच आहे. इंटेलच्या बोर्डावर ती पीटीटी नावाने असते, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम नावाने. कारखान्यातून ती बंद आलेली असते, एवढंच. बायोसमध्ये जाऊन ती चालू करायची. जुन्या पद्धतीने विंडोज टाकलेली असेल तर डिस्कची मांडणी एमबीआरवरून जीपीटीवर न्यायची. त्यासाठीचं साधन विंडोज १० मध्येच २०१७ पासून दिलेलं आहे. आधी सगळ्या फाइलींची प्रत काढून ठेवायची, ड्राइव्हला बिटलॉकर लावलेलं असेल तर त्याची किल्ली लिहून घ्यायची, मगच हात घालायचा. जाणकाराचं हे दुपारभराचं काम आहे. त्यासाठी वीस-पंचवीस हजारांचं यंत्र मोडीत काढणं हा सरळ सरळ जनतेच्या पैशाचा अपव्यय आहे.

बोर्ड खरंच जुने असतील तर गोष्ट वेगळी. इंटेलचा एच ६१ हा चिपसेट २०११ सालचा. त्याच्यावरचे बोर्ड आजही नव्या खोक्यातून विकले जातात आणि अडलेला ग्राहक ते नवं म्हणून घेऊन जातो. बिलावर चिपसेटचं साल लिहिण्याची सक्ती असती तर निम्मे ग्राहक दुकानातच दोन प्रश्न जास्त विचारते.

आता अर्थिंग. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, "करंट मारतो", हे वाक्य या दोन जिल्ह्यांत ऐकलं नाही असं कुणी नसेल. एसएमपीएसमध्ये गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. ते फेज आणि न्यूट्रल दोन्हींना कॅबिनेटच्या पत्र्याशी जोडतात. अर्थिंग असेल तर तिथला किरकोळ प्रवाह जमिनीत जातो. नसेल तर पत्रा २३० च्या निम्म्यावर, सुमारे ११५ व्होल्टवर तरंगत राहतो. प्रवाह फार थोडा असतो म्हणून माणसाला नुसत्या मुंग्या येतात. पण त्याच अवस्थेत कुणी प्रिंटरची किंवा मॉनिटरची केबल लावली तर तो झटका पोर्टमागच्या चिपला बसतो, आणि मग "बोर्ड गेला" म्हणून नवा आणला जातो. तीन पिनांच्या प्लगची वरची जाड पिन मोडून तो दोन पिनांच्या सॉकेटात घालण्याची सवय तर घराघरात आहे.

अर्थिंगचा खड्डा मीठ-कोळसा घालून केलेला असला तरी त्याला ओल लागते. कोरड्या जमिनीत त्याचा विरोध वाढतो आणि तो नावापुरता उरतो. एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी आणावं लागलं, तिथे खड्ड्यात पाणी ओता असं सांगणं सोपं नव्हतं, हे मान्य. पण आज पिण्याच्या पाण्याच्या यंत्रातून वाया जाणारं खारट पाणी कितीतरी क्लासेस आणि कार्यालयांतून रोज गटारात जातं. ते या खड्ड्याला चांगलंच चालतं.

हे सगळं शिकवायचं कुठे? जागा आहेत. आयटीआयमध्ये संगणक हार्डवेअर आणि नेटवर्क देखभालीचा व्यवसाय अभ्यासक्रम आहे. लातुरात पुरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन आहे. नांदेडला विष्णुपुरीत १९८१ पासूनचं श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि १९९४ साली स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या छायेत नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली या चारही जिल्ह्यांतली महाविद्यालयं आहेत. त्यांच्या प्रयोगशाळांतले मोडीत निघणारे बोर्ड लिलावात जाण्याआधी विद्यार्थ्यांच्या टेबलावर यायला हवेत. वाकलेली पिन सुईने सरळ करणं, काळवंडलेले रॅमचे दात खोडरबराने पुसणं, फुगलेला कपॅसिटर ओळखणं, बायोस अपडेट करताना लाइट गेली तर बोर्ड मुका होतो म्हणून आधी यूपीएसची बॅटरी तपासणं, हे फळ्यावर शिकवून येत नाही. लातूर पॅटर्नने प्रश्नपत्रिका पुन्हा पुन्हा सोडवण्याचं बळ महाराष्ट्राला दाखवून दिलं. तोच सराव हाताच्या कामालाही लागू पडेल. जेईई मेनमधला अभियांत्रिकीचा पेपर आणि एमएचटी-सीईटी २०१९ पासून पूर्णपणे संगणकावर होतात. ज्या यंत्रांवर इथल्या मुलांचं वर्ष ठरतं, ती नीट बसवणारी माणसं याच गावांतून तयार होणं अवघड नाही.

दुकानदारांकडून एकच गोष्ट मागावीशी वाटते. कॅबिनेटच्या झाकणाला आतून एक कार्ड चिकटवावं आणि त्याचे शंभर-दोनशे रुपये बिलात उघड लावावेत. ग्राहकानेही ते कुरकुर न करता द्यावेत. कार्डावर बोर्डाचं आणि चिपसेटचं नाव, बायोसची आवृत्ती, टीपीएम चालू की बंद, रॅम कोणत्या स्लॉटमध्ये आणि किती वेगावर, वीज परत आल्यावर काय करायचं, सेल कधी बदलला. खाली थोडी मोकळी जागा सोडावी. तिथे ग्राहकाने दर उन्हाळ्यात आपल्या हाताने लिहावं, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी कोणत्या तारखेला ओतलं ते.